एसएलकेच्या सेंटर कॅप गेल्या. रंग उडालाय की क्रोम, कसं ओळखायचं?

रामबागी | १४ जून, रात्री १०.४०

मंडळी, नमस्कार. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज गरज पडली म्हणून लिहितोय.

गाडी २००८ची मर्सिडीज एसएलके २००. दोनच माणसांची, छत घडी होऊन डिकीत जाणारी. माझ्याकडे आली तेव्हा तिचे दोन मालक होऊन गेले होते. 'एवढ्या पैशात काय काय आलं असतं' हे आमच्या घरी सविस्तर बोलून झालंय, तेव्हा कृपया तो विषय नको. इंजिन ठणठणीत आहे, छत अजून न कुरकुरता उघडतं, पण चाकांकडे बघवत नाही. चाकाच्या मधोमध ती ७५ मिलिमीटरची टोपी असते ना, तारा असलेली, त्या चारही टोप्यांवर चुना सांडल्यासारखं झालंय. एकीचा सिल्व्हर रंग पापुद्र्यांनी सुटतोय, नख लावलं की बाजरीच्या दाण्याएवढा तुकडा बोटाला चिकटून येतो. दुसरीवर तपकिरी ठिपके. तिसरीच्या ताऱ्याच्या एका टोकाला फोड आलाय, दाबला की खाली जातो नि पुन्हा वर येतो. चौथी त्यातल्या त्यात बरी.

नव्या चार कॅपची किंमत विचारली आणि फोन ठेवला. शेजारचे पेंटरकाका म्हणाले, थिनरमध्ये रात्रभर बुडवून ठेव, सकाळी सगळं साफ. बुडवू का?

माळवी_मावशी | १४ जून, रात्री १०.५२

नका बुडवू!! बाकीचं उद्या लिहिते, पण आज रात्री थिनरची बाटली उघडू नका.

कोथरूडकर_८८ | १४ जून, रात्री ११.१५

ऑनलाइन चारचा संच मिळतो, दोन पिझ्झ्यांच्या पैशात. टक् करून बसतो. पंधरा वर्षांच्या प्लास्टिकवर तीन रविवार घालवण्यात काय हशील, हे मला खरंच कळत नाही. विषय संपला.

देवासवाला_भिया | १५ जून, सकाळी ७.०५

संपला कुठे भिया. तो संच मी घेतलाय, माझ्या काळ्या सेडानसाठी. पहिल्या उन्हाळ्यात तारा करडा झाला आणि दुसऱ्या पावसाळ्यात बायपासवर एक टोपी उडून गेली. पकडी सैल असतात त्याच्या. मागून येणाऱ्या बुलेटवाल्याच्या हेल्मेटला लागली नाही ही देवाची कृपा.

माळवी_मावशी | १५ जून, दुपारी २.३०

हं, आता सविस्तर. आमच्या वडिलांच्या प्रीमियर पद्मिनीपासून मी हे उद्योग करते, त्यामुळे चुका भरपूर करून झाल्यात. त्यातली एक ही: या टोप्या बहुतेक एबीएस प्लास्टिकच्या असतात. अ‍ॅसिटोनमध्ये एबीएस विरघळतं आणि बाजारातल्या बऱ्याच थिनरमध्ये अ‍ॅसिटोन नाहीतर त्याचा भाऊबंद असतोच. मी एक कॅप अशीच 'रात्रभर' ठेवली होती. सकाळी वाटीत चघळून टाकलेलं च्युइंगगम होतं आणि त्यात एक चकचकीत धातूचा पापुद्रा तरंगत होता. कॅप म्हणून काही उरलंच नव्हतं.

आधी कॅप काढा. पुढून स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका, चाकाच्या कडेला चरा पडतो आणि तो चरा कॅपपेक्षा महाग पडतो. चाक उतरवा, मागून मधल्या भोकातून हाताने किंवा लाकडी दांडक्याने दाबा. पकडी जुन्या झाल्या की कडक होतात, म्हणून आधी कपडा गरम पाण्यात पिळून दोन मिनिटं त्यावर धरा. आणि गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली हात घालायचा नाही, स्टँड लावा. हे लिहायला लागू नये, पण लागतं.

मग साबणाचं कोमट पाणी, जुना टूथब्रश. वाळल्यावर उजेडात फोटो काढून इथे टाका. त्याआधी सॅण्डपेपर हातात घेऊ नका.

सराफ्याचा_शेजारी | १५ जून, रात्री ९.४८

मी तर म्हणतो आपल्या इंदूरच्या सराफ्यात द्या. आमच्या गल्लीत दागिन्यांवर रोडियम चढवणारे बसतात, एका तासात तारा नव्यासारखा करून देतील. रात्री या, काम होईपर्यंत भुट्ट्याचा कीस खा.

मुलामा_पिथमपूर | १५ जून, रात्री ११.२०

कीस खायला जरूर जा, पण तारा घेऊन जाऊ नका. बावीस वर्षं प्लास्टिकवर क्रोम चढवण्याच्या लाइनवर उभा आहे, म्हणून जरा लांब लिहितो.

दागिना धातूचा असतो. तार जोडली की त्यातून वीज वाहते, म्हणून टाकीत सोडला की मुलामा बसतो. प्लास्टिकमधून वीज वाहत नाही. मग आम्ही काय करतो? एबीएसचा तुकडा आधी क्रोमिक आम्लात बुडवतो. एबीएसमध्ये ब्युटाडाइन नावाच्या रबराचे कण असतात, ते पृष्ठभागावरून निघून जातात आणि डोळ्यांना न दिसणारे खड्डे पडतात. त्या खड्ड्यांत पॅलेडियमची बीजं पेरायची. बीजांवर विजेशिवाय, नुसत्या रसायनाने निकेलचा पातळ थर वाढवायचा. एवढं झाल्यावर कुठे तो तुकडा वीज घ्यायला लायक होतो. मग तांबं, त्यावर पुन्हा निकेल, आणि शेवटी क्रोम. सगळा डोलारा त्या खड्ड्यांत रुतलेल्या मुळांवर उभा असतो. एकदा मूळ सुटलं, फोड आला, की सराफच काय, आम्हीही तो जुना तुकडा नव्याने करून देत नाही.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. क्रोमचा शेवटचा थर मायक्रॉनच्या अर्ध्याहूनही कमी असतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड धरा, म्हणजे अंदाज येईल. म्हणून ताऱ्यावर रबिंग कंपाउंड घासायचं नाही, दोन हात मारले की क्रोम गेलंच समजा. ओळखायचं रंगावरून. क्रोमची झाक निळसर, थंड असते. तारा कुठे पिवळसर, तुपकट दिसत असेल तर तिथे क्रोम गेलंय आणि निकेल उघडं पडलंय. हिरवट डाग असेल तर गोष्ट तांब्यापर्यंत पोचली. नुसते तपकिरी ठिपके असतील तर आनंद माना, तो बहुतेक ब्रेकचा भुगा आहे. ब्रेकमधून लोखंडाचे तापलेले कण उडतात, चाकावर चिकटतात आणि पाणी लागलं की गंजतात. तो गंज कॅपचा नाही, पाहुण्याचा आहे.

आणि भोवतीची सिल्व्हर जमीन रंगाची असेल तर ती आपल्या हातातली गोष्ट. रंग पुन्हा देता येतो, मुलामा घरी देता येत नाही. काय करायचं ते यावर ठरवा.

एक विचारायचं राहिलं. चारही एकदम पांढऱ्या पडल्या म्हणता. गाडी धुता कुठे?

चिमणबागेतला_चिंटू | १६ जून, सकाळी ९.१२

काका, अ‍ॅल्युमिनियम फॉइल आणि कोला! व्हिडिओत बघितलंय, गंज सर्र्कन निघतो.

मुलामा_पिथमपूर | १६ जून, सकाळी ९.३०

तो व्हिडिओ लोखंडी बंपरवरच्या क्रोमचा असणार बाळा. तिथे गंज खालच्या लोखंडाचा असतो. इथे खाली प्लास्टिक आहे, त्याला गंजायला काही नाही. फॉइलने ओरखडे मात्र मिळतील. कोला पिऊन टाक.

रामबागी | २२ जून, सायंकाळी ६.१०

मावशी, मुलामाभाऊ, दोघांचे आभार. कॅप काढल्या, धुतल्या, फोटो खाली टाकलेत. एक पकड तुटली, कबूल करतो. कपडा गरम करायचा कंटाळा केला होता.

धुण्याबद्दल विचारलंत आणि डोक्यात दिवा लागला. गेली दोन वर्षं गाडी घराजवळच्या एका वॉशिंग सेंटरवर जायची. नाव लिहीत नाही, पोरं गरीब आहेत आणि त्यांनाही कुणी शिकवलेलं नाही. ते चाकांवर एक गुलाबी पाणी मारायचे. नाकाला झोंबायचं, पण चाकं लखलखायची. मी खूश झालो म्हणून मागे एकदा त्यांनी पाण्याच्या बाटलीत भरून मला घरीसुद्धा दिलं होतं. ती बाटली आज शोधून काढली आणि अंगणातल्या कोट्याच्या फरशीवर थेंब टाकला. फस्सऽऽ करून फेस आला आणि तिथे रुपयाएवढा पांढरा डाग पडला. सौ. बाहेर येऊन आधी फरशीकडे आणि मग माझ्याकडे बघून गेल्या.

मुलामा_पिथमपूर | २२ जून, सायंकाळी ७.००

झालं निदान. कोटा म्हणजे चुनखडीचा दगड, तीव्र आम्ल पडलं की फेसाळणारच. ते हायड्रोक्लोरिक असण्याचीच शक्यता जास्त, बाथरूम धुवायचं असतं तेच, पाणी आणि रंग घालून. आणि आमच्याकडे कारखान्यात बिघडलेल्या मालावरचं क्रोम उतरवायला काय वापरतात माहीत आहे? हायड्रोक्लोरिक आम्लच. तुम्ही दोन वर्षं पैसे देऊन क्रोम उतरवून घेतलंत.

फोटो पाहिले. पहिली आणि चौथी: तारा शाबूत, फक्त जमिनीचा रंग गेलाय. दुसरी: ठिपके भुग्याचे. लोखंडाचा भुगा काढणारं द्रावण मिळतं, लावल्यावर जांभळं होऊन ओघळतं, म्हणजे काम करतंय. त्याने निघतील. तिसरीचा फोड जाणार नाही.

कोथरूडकर_८८ | २२ जून, रात्री ८.१५

तिसरीला चिमूटभर फेव्हिक्विक. सुईने भोक पाडा, थेंब सोडा, दाबून धरा.

देवासवाला_भिया | २२ जून, रात्री ८.२१

केलंय. फोड बसला, पण त्या गोंदाची वाफ आजूबाजूला बसून सगळा तारा धुक्यात गेल्यासारखा पांढरा झाला. आधी तेवढा फोड दिसायचा, नंतर दुरूनही दिसायला लागलं.

माळवी_मावशी | २३ जून, सकाळी ११.००

चला, रंगाचं बोलू. रामबागीभाऊ, तुमचं काम तीन कॅपांचं आहे, त्यातही दुसरीला बहुधा रंग नाही, नुसती सफाई पुरेल.

सुटलेला रंग आधी नखाने किंवा प्लास्टिकच्या पट्टीने जेवढा निघतो तेवढा काढा. मग ६०० नंबरचा पाण्याचा सॅण्डपेपर, साबणाच्या पाण्यात भिजवून, रंगाच्या तुटक्या कडा हाताला लागेनाशा होईपर्यंत. बोट डोळ्यांपेक्षा खरं सांगतं. डोळे मिटून फिरवा. कड लागली तर ती रंगाखालूनही दिसणार. शेवटी ८०० किंवा १०००. प्लास्टिक उघडं पडेल तिथे प्लास्टिकचा खास प्रायमर, नाहीतर रंग पुन्हा पापुद्र्यांनी सुटेल. पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल. थिनर नाही. तिसऱ्यांदा सांगतेय का मी?

तारा झाकायला माझी युक्ती: पूर्ण ताऱ्यावर व्हिनाइलची टेप चिकटवायची, लाकडी टूथपिकने कडांना दाबून बसवायची आणि मेडिकलच्या दुकानातून ११ नंबरचं सर्जिकल ब्लेड आणून ताऱ्याच्या कडेने कापायचं. तारा उंचावलेला असतो, ब्लेडला कड सापडली की ते आपसूक तिच्या कडेने चालतं. घाई करायची नाही, जोर लावायचा नाही. घरात तरुण डोळे असतील तर त्यांना बसवा.

वरचा क्लिअर टू-के घ्या, डब्याच्या बुडाशी बटण असतं ते दाबून हार्डनर सोडायचा तो. साधा एक डब्याचा क्लिअर पेट्रोलच्या एका थेंबाने ओघळतो. पण टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते फुप्फुसाला फार वाईट. कोळशाच्या डब्या लावलेला मास्क, उघडी हवा, आणि घरातली पोरंबाळं लांब. कापडी मास्क लावून मारतो म्हणणाऱ्याशी मी वाद घालत नाही, फक्त नाही म्हणते.

रामबागी | २३ जून, दुपारी १.०५

मुलगी डेंटल कॉलेजात आहे. तिने आत्ताच वाचलं आणि म्हणाली, बाबा, ब्लेड माझ्याकडे द्या, तुमचे हात कॉफीच्या कपासोबतही थरथरतात.

सिल्व्हर कुठला घेऊ? गाडीच्या पट्टीवर ७७५ लिहिलंय.

सियागंजचा_गडी | २३ जून, दुपारी ४.४०

७७५ म्हणजे इरिडियम सिल्व्हर, पण तो बॉडीचा. चाकांचा आणि कॅपचा सिल्व्हर वेगळा असतो, बॉडीचा मारलात तर टोपी उठून दिसेल. कॅप घेऊन सियागंजात या, रंगाच्या दुकानात मिसळून देतात आणि डब्यात भरूनही देतात. फक्त दुकानातल्या ट्यूबलाइटखाली जुळवू नका, बाहेर उन्हात या.

आणखी एक. चांदीच्या रंगात अ‍ॅल्युमिनियमचे चपटे कण असतात. जाड, ओला हात मारला की ते वेडेवाकडे बुडतात नि रंग गडद दिसतो, लांबून हलका हात मारला की सपाट बसतात नि उजळ दिसतो. डबा तोच, हात बदलला की रंग बदलला. म्हणून एकाच दिवशी, एकाच माणसाने, साधारण वीत-सव्वा वीत अंतरावरून. तीन पातळ हात, मध्ये दहा मिनिटं.

चिमणबागेतला_चिंटू | ६ जुलै, दुपारी १२.३०

मीपण माझ्या आय-२०च्या कॅप करायला घेतल्या. मस्त थर्माकोलच्या शीटवर ठेवल्या, काळा स्प्रे मारला. पाच मिनिटांनी बघतो तर थर्माकोल गायब!! टोप्या खड्ड्यात रुतून बसल्यात आणि बुडाला सगळा चिकट लगदा. हसू नका.

माळवी_मावशी | ६ जुलै, दुपारी १२.४१

हसत नाही रे. (हसतेय.) स्प्रेमधलं द्रावक थर्माकोल खातं. कॅप डिओच्या डब्याच्या झाकणावर दुहेरी टेपने चिकटवायची, म्हणजे झाकण धरून फिरवताही येते. लगदा वाळू दे, मग मागूनच कापून काढ.

रामबागी | १३ जुलै, रात्री ९.५५

वाईट बातमी. रात्रभर पाऊस पडून सकाळी उघडला होता, म्हटलं आज चौथी उरकू. सिल्व्हर सुरेख बसला. टू-केचा डबा फोडायचं जिवावर आलं, म्हणून आधी घरात पडलेला साधा क्लिअर मारून बघितला. दहा मिनिटांत पुन्हा ढग भरून आले आणि डोळ्यांदेखत सगळी कॅप दुधाळ झाली. ताकात बुडवल्यासारखी. मुलीने एवढा वेळ घालून टेप कापली होती, ती काही बोलली नाही. ते जास्त लागलं.

मुलामा_पिथमपूर | १३ जुलै, रात्री १०.३०

याला आमच्याकडे ब्लश आला म्हणतात. द्रावक झपाट्याने उडतं तेव्हा पृष्ठभाग गार पडतो, आणि हवा दमट असेल तर त्यावर पाणी जमतं, थंड लस्सीच्या ग्लासवर जमतं तसं. ते पाणी क्लिअरमध्ये अडकलं की दुधाळपणा. घाबरू नका, कॅप कोरड्या खोलीत ठेवा, कोरडा दिवस बघून हळू उडणाऱ्या थिनरचा, म्हणजे रिटार्डरचा, पुसट हात द्या. बऱ्याचदा क्लिअर पुन्हा ओलं होऊन पाणी सोडून देतं. प्लास्टिकपर्यंत पोचेल इतका जाड हात नको, नाहीतर मावशी चौथ्यांदा सांगतील.

पण माझं ऐकाल तर पाऊस संपेपर्यंत हातच लावू नका. कारखान्यात आम्ही हवा कोरडी करून घेतो. तुमच्या गच्चीवर जुलैचं आभाळ आहे.

कोथरूडकर_८८ | १४ जुलै, सकाळी ८.००

महिना झाला. ऑनलाइनवाला एव्हाना दोनदा पोचवून गेला असता. सहज बोललो.

सराफ्याचा_शेजारी | १४ जुलै, सकाळी ८.४०

पाऊस संपेपर्यंत वेळ आहेच तर एक सुचवू? सिल्व्हर सोडा, केशरी-काळ्या करा. इंदूरची गाडी आहे! दुसऱ्या यशवंतराव होळकरांची डुसेनबर्ग गाडी आठवा, १९३६ सालची, लंडनच्या गर्नी नटिंगकडून बॉडी बांधून घेतलेली. केशरी आणि काळी. जगभरातले गाडीवेडे ती बघून अजून उसासे टाकतात. तुमच्या कॅपवर केशरी जमीन, काळा काठ, मधे तारा. राजवाड्यासमोरून गेलात की लोक मुजरा करतील.

रामबागी | १४ जुलै, सकाळी ९.०२

भिया, महाराजांना शोभलं ते. मी केशरी टोप्या लावून ५६ दुकानच्या खाऊगल्लीत गेलो तर लोक विचारतील, रिक्षा संघटनेची का?

माळवी_मावशी | १४ जुलै, सकाळी ९.२५

आणि तारा-बीऱ्याच्या गोष्टीत एक ऐका. ताऱ्याची तीन टोकं म्हणजे जमीन, पाणी आणि हवा, तिन्हीकडे आपली इंजिनं धावावीत अशी डाइमलर मंडळींची हाव. १९०९ला त्यांनी तो नोंदवला. कडेचं लॉरेलच्या पानांचं वेटोळं मात्र बेंझ यांच्या घरचं, १९२६ला दोघं एक झाले तेव्हा तारा आणि वेटोळं जोडलं गेलं. वडील नेहमी म्हणायचे, लग्नाची गाठ आहे ती, उगाच ओरखडू नकोस.

रामबागी | २८ सप्टेंबर, रात्री ९.१५

मंडळी, परत आलो. पाऊस थांबला, चार दिवस स्वच्छ ऊन आहे, मुलीची परीक्षा संपली. आज चौघी पुऱ्या झाल्या.

दुसरी, जी ठिपक्यांची होती, तिच्यावर ते भुगा काढायचं द्रावण टाकलं. मिनिटभर काही नाही, आणि मग प्रत्येक ठिपक्यातून जांभळा धागा सुटला. असा की आम्ही दोघं मांडी घालून बघत बसलो. वास मात्र सडक्या अंड्यांचा, सौ.नी खिडक्या उघडल्या. धुतल्यावर खालून कोरा तारा निघाला, रंगसुद्धा लागला नाही.

पहिलीला आणि चौथीला रंग. चौथीवरचं दुधाळ क्लिअर शेवटी घासूनच काढलं, रिटार्डरने निम्मंच गेलं होतं. या वेळी बुडाचं बटण दाबलं, मास्क लावला, गच्चीवर गेलो. दोन हात क्लिअर. टेप कधी काढायची यावर आमचा वाद झाला. मुलगी म्हणाली, दातांच्या फिलिंगसारखं आहे, पूर्ण कडक व्हायच्या आत कड साफ करावी. तिचं खरं निघालं. अर्ध्या तासाने, क्लिअर बोटाला चिकटेनासं पण अजून मऊ असताना, तिने दात तपासायच्या हत्याराने टेपचं टोक उचललं आणि हळूच मागे दुमडत ओढलं. क्रोमची कड अशी निघाली, सुरीने कापलेल्या काजूकतलीसारखी. पहिल्यांदा वाटलं की फोटोत बघतोय.

तिसरीला काही केलं नाही. फोड आहे तसा ठेवलाय. जमिनीचा रंग तेवढा दिला.

खर्च? दोन हजारांच्या आत, मास्क धरून. मास्क सगळ्यात महाग. कोथरूडकर, तुमच्या दोन पिझ्झ्यांपेक्षा जास्तच झाला, मान्य.

मुलामा_पिथमपूर | २८ सप्टेंबर, रात्री ९.४०

वा! फोटो मोठा करून बघितला. कड आमच्या लाइनवरच्या मालापेक्षा साफ आहे, आणि हे मी इंजिनिअरसाहेब वाचत नाहीत म्हणून लिहितोय. आठवडाभर धुऊ नका. आणि ते गुलाबी पाणी?

रामबागी | २८ सप्टेंबर, रात्री ९.५२

वॉशिंग सेंटरवर बाटली घेऊन गेलो, पोराला त्यांच्याच फरशीवर थेंब टाकून दाखवला. तो म्हणाला, साहेब, म्हणूनच माझ्या बोटांची कातडी जाते का? हातात मोजेसुद्धा नव्हते. आता माझ्या गाडीला नुसता शॅम्पू. बाकीच्यांच्या गाड्यांचं त्याच्या मालकावर.

देवासवाला_भिया | २९ सप्टेंबर, सकाळी ७.३०

फोडवाली कुठल्या चाकाला लावणार?

रामबागी | १ ऑक्टोबर, सकाळी ६.५०

डावीकडचं मागचं. आमच्या गल्लीत ती बाजू भिंतीला लागून उभी राहते, तिला फक्त मांजर बघतं.

आज खंडेनवमी. काल रात्री चारही बसवल्या, तुटक्या पकडीच्या टोपीला मागून काळ्या सिलिकॉनचे तीन ठिपके देऊन. आज पान्ह्यांसोबत ते ११ नंबरचं ब्लेडही पाटावर ठेवलंय, झेंडूचं फूल वाहून. मुलीचा आग्रह.

कोथरूडकर_८८ | १ ऑक्टोबर, सकाळी ८.१०

अभिनंदन, मनापासून. पण फोटोत पुढच्या चाकाच्या ताऱ्याचं टोक हवेच्या व्हॉल्व्हकडे नाही. खरे शौकीन एक टोक व्हॉल्व्हच्या रेषेत ठेवतात.

माळवी_मावशी | १ ऑक्टोबर, सकाळी ८.१४

चाक फिरतं हो कोथरूडकर.

कोथरूडकर_८८ | १ ऑक्टोबर, सकाळी ८.१६

टोपीही चाकासोबतच फिरते ना. व्हॉल्व्हच्या संदर्भातच म्हणतोय मी.

रामबागी | १ ऑक्टोबर, सकाळी ८.३०

खाली जाऊन बघून आलो. तीन बरोबर आहेत, हे एकच बोटभर तिरकं आहे. नेमकी सिलिकॉनवाली. आता पोहे खाऊन येतो, मग कपडा गरम करतो.